सुटी शिकेकाई आणि लेकीचे कमरेपर्यंतचे केस : आठ महिने वापरल्यानंतर

आधीच सांगते, हा कुठल्या ब्रँडचा रिव्ह्यू नाही. पुण्यात मंडईकडून रविवार पेठेत शिरलं की काष्ठौषधींची जुनी दुकानं आहेत, दारात उघडी पोती, आत पाय टाकला की वेखंड, ओवा, धूप असा सगळा मिळून एकच वास, तिथून सुटी शिकेकाई आणि बाकीचं सामान आणून दळून घेतलं आणि गेले आठ महिने लेकीच्या केसांना वापरतेय, त्याबद्दल लिहितेय. लेक आठ वर्षांची, तिसरीत आहे. केस कमरेच्या खाली दोन बोटं. हे वाक्य टाइप करताना पण मला उगाच भारी वाटलं, त्यामुळे रिव्ह्यू किती निष्पक्ष आहे ते तुमचं तुम्ही ठरवा.

तर झालं असं की शाम्पूने न्हायला घातलं की दर रविवारी केसांचा नुसता गुंता व्हायचा, कंडिशनर लावला की गुंता कमी पण दुसऱ्या दिवशी टाळू तेलकट, आणि आमच्या सोसायटीत निम्मं वर्ष बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी, बादलीला पांढरे डाग पडतात असलं जड. मग ऑफिसातल्या एकीने सांगितलं म्हणून शिकेकाईची वडी आणली. ते तर आणखीनच वाईट, कारण शिकेकाईचा असला तरी शेवटी तो साबणच, जड पाण्यात त्याचा फेस कमी आणि चिकट थर जास्त, केस वाळल्यावर हात फिरवला तर मेणबत्तीला हात लावल्यासारखं. मग शिकेकाईचा शाम्पू आणला. बाटलीवर हा मोठा शेंगांचा फोटो. मागे घटक वाचले, ते जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहिलेले असतात, तर पाणी, मग सल्फेट, मग बरीच लांबलचक नावं आणि शिकेकाई अगदी शेवटी, रंग आणि सुगंधाच्या शेजारी, दारातच उभ्या राहिलेल्या पाहुणीसारखी.

सासूबाई म्हणाल्या, अगं बाटल्या कसल्या आणतेस, सुटी घे आणि दळून आण. त्या चिपळूणकडच्या. त्यांच्या माहेरी शिकेकाई रानातूनच यायची. तिची मोठी काटेरी वेल असते, झाडांवर चढत जाते, शेंगा काढायला जाणाऱ्या माणसाचे हात ओरबाडून निघतात म्हणे. मला आठ महिन्यांपूर्वीपर्यंत वाटायचं शिकेकाईचं झाडच असतं.

दुकानाबद्दल. नाव टाकत नाही, कारण त्या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या दुकानात हे सामान मिळतं आणि मला कुणाची जाहिरात करायची नाही. पण ज्या काकांनी सामान दिलं त्यांना माझ्याकडून पाचपैकी पाच. मी यादी वाचायला सुरुवात केली तर त्यांनी थांबवलं आणि विचारलं, केस कुणाचे? म्हटलं मुलीचे. वय? म्हटलं आठ. मग म्हणाले, "ताई, रिठा कमी घ्या, एकदा डोळ्यात गेला की पोरगी परत न्हायला बसायची नाही." इतकं शहाणपणाचं बोलणारा दुकानदार मला मॉलमध्ये अजून भेटायचाय. एक शेंग काढून माझ्यासमोर मोडली, खळकन आवाज आला पाहिजे म्हणाले, वाकली तर ओल आहे, तिला पुढे कीड लागते.

शेवटी घेतलं ते असं: शिकेकाई अर्धा किलो, रिठा १०० ग्रॅम, आवळकाठी १०० ग्रॅम, नागरमोथा ५० ग्रॅम, गव्हला आणि कचरा (ही दोन्ही काष्ठौषधीच) मिळून ५० ग्रॅम, आणि घरातले मूठभर मेथीदाणे आणि थंडीत वाळवून ठेवलेल्या संत्र्याच्या साली. सगळं मिळून साडेतीनशेच्या आसपास गेले. फेस थोडाफार येतो तो मुख्यतः रिठ्याचा, मळ काढायचं काम शिकेकाईचं, मेथीने बुळबुळीतपणा येऊन कंगवा सरकतो, नागरमोथा आणि गव्हला कचरा वासासाठी. जास्वंद, माका, ब्राह्मी असं काय काय लोक घालतात, मी नाही घातलं, एका वेळी एवढंच पुरे. हां, रिठ्याच्या बिया आधी फोडून काढा, मी दोन विसरले आणि मिक्सरने असा आवाज केला की शेजारच्या काकू विचारायला आल्या.

मिक्सरचं म्हणाल तर घरी करूच नका, मी पहिल्यांदा केलं आणि घरातले चौघेही अर्धा तास शिंकत होतो, नवरा तर बाल्कनीत जाऊन शिंकत होता. दोन दिवस कडक उन्हात वाळवायचं आणि मसाला कांडपवाल्यांकडे द्यायचं, गव्हाच्या गिरणीत घेत नाहीत आणि बरोबरच आहे, नाहीतर पुढच्याच्या पोळ्यांना नागरमोथ्याचा वास. दळून आली की घरी परत एकदा कापडातून चाळायची. हा एक कंटाळा केला तर आठवडाभर पोरीच्या भांगात तपकिरी कण दिसत राहतात आणि शाळेत कुणीतरी विचारतंच, कोंडा झालाय का.

वापरायचं असं. रात्री तीन मोठे चमचे पावडर तांब्याभर पाण्यात, लोखंडी कढईत भिजत घालायची, आवळकाठी आणि लोखंड यांचं जमतं आणि सकाळपर्यंत पाणी काळंभोर होतं. सकाळी मंद आचेवर उकळायचं, आणि तिथून हलायचं नाही, कारण हे दुधापेक्षा लबाड आहे, पाठ फिरली की ओट्यावर. मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून कोमट झालं की दोन हात करायचे. दोन हात म्हणजे एकदा तेल काढायला आणि एकदा केस धुवायला.

पहिले तीन रविवार मला वाटलं पैसे पाण्यात. फेस नाही, त्यामुळे केस धुतल्यासारखे वाटेचनात, मी आदल्या रात्री सवयीने वाटीभर खोबरेल थापलेलं, ते निघालंच नाही, सोमवारी लेक दोन वेण्या घालून शाळेत गेली ती तळून काढल्यासारखी. मग लक्षात आलं की आपण शाम्पूच्या भरवशावर तेल लावतो. आता दोन चमचे तेल, तेही टाळूला आणि टोकांना, आणि काम होतं. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून फरक दिसला. गुंता खरंच कमी झाला, म्हणजे आधी विंचरायला पंचवीस मिनिटं आणि रडारड, आता दहा मिनिटं आणि नुसती कुरकुर. टाळू चार दिवस स्वच्छ राहते. केस वाढले का, दाट झाले का, तर काही नाही हो, केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतात आणि तेवढेच वाढले. जो कुणी तुम्हाला सांगेल की अमुक पावडरने दोन महिन्यांत वीतभर वाढले त्याला माझा नमस्कार सांगा.

वासाबद्दल घरात मतभेद आहेत. मला तो वास इतका आवडतो की रविवारी दुपारी ती झोपली की मी तिच्या डोक्याला नाक लावून बसते. तिची बेंचवरची मैत्रीण म्हणाली, तुझ्या डोक्याला देवळाचा वास येतो. मला हे ऐकून आनंद झाला, लेकीला झाला नाही. तिला स्ट्रॉबेरीचा पाहिजे.

आणि उवा. हे लिहायलाच पाहिजे कारण शिकेकाईने उवा जातात असं मला चार बायकांनी छातीठोकपणे सांगितलेलं. नाही जात. दिवाळीनंतर शाळा उघडली आणि पंधरा दिवसांत लेक डोकं खाजवायला लागली, मी फणी लावली तर कागदावर टपटप. मला इतकी लाज वाटली, म्हणजे कशाची तेही कळेना, एवढी शिकेकाई, एवढं तेल, आणि तरी? डॉक्टर बाई म्हणाल्या उवांना स्वच्छ केस, घाण केस काही फरक पडत नाही, त्या उडत नाहीत, उड्या मारत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की चालत जातात, आणि तिसरीतल्या मुली तर दिवसभर डोक्याला डोकं लावूनच बसलेल्या असतात. त्यांनी लिहून दिलेलं लोशन लावलं, आठवड्याने परत लावलं कारण लिखा फुटायला साधारण आठवडा लागतो, आणि मधल्या काळात रोज ओल्या केसांतून बारीक दातांची स्टीलची फणी. कमरेपर्यंतच्या केसांतून, रोज, पाऊण तास. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, काप ना गं सगळे." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आणि फणी चालू ठेवली.

आता इथे थोडं विषयांतर करते, वेळ नसेल तर खालच्या रेटिंगवर जा.

मला लहानपणी बॉयकट होता. डोंबिवलीला राहायचो, आई मुंबईला नोकरीला, सकाळी सातच्या आतबाहेरची लोकल, दोन मुली, वेण्या कोण घालणार? दर दीड महिन्याने बाबा आम्हाला त्यांच्या न्हाव्याकडे न्यायचे, तो खुर्चीच्या दोन हातांवर लाकडी फळी टाकून त्यावर बसवायचा आणि मशीन फिरवायचा. चौथीत गॅदरिंगला कोळीनृत्य होतं. सगळ्या मुलींना खोपा, त्यावर अबोलीची वेणी, ज्यांचे केस आखूड त्यांना गंगावन. माझ्या डोक्याला गंगावन लावायला धरायला काहीच नव्हतं. बाईंनी दोन पिना मारून बघितल्या, मग म्हणाल्या, तू नाखवा हो. लाल टोपी, हातात पुठ्ठ्याचं वल्हं. फोटोत मी आहे, मागच्या रांगेत, मिशी काढलेली. लोक तो फोटो बघून हसतात, मीपण हसते.

तर लेक झाली, तिचं जावळ काढलं आणि त्यानंतर मी तिच्या केसांना कात्री लावलेली नाही, फक्त टोकं. पहिल्यांदा तिच्या दोन शेंड्या बांधल्या तेव्हा ती दीड वर्षाची होती आणि मी ऑफिसला हाफ डे टाकून तिला घेऊन तुळशीबागेत गेले होते, क्लिपा घ्यायला, तिला कळतही नव्हतं, मीच आरशात बघत होते. सागरवेणी, खजुरी वेणी, पाचपेडी, सगळं मी व्हिडिओ बघून बघून शिकले, माझ्या स्वतःच्या केसांना आजही साधा क्लचर. लग्नात कुणी म्हटलं, बाई गं काय केस आहेत पोरीचे, तर मी तिच्या आधी थँक्यू म्हणते.

आईला एकदा बोलून दाखवलं मी हे, गंगावनाचं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला काय हौस नव्हती होय गं? साडेपाचला उठून डबे करायचे का तुमच्या वेण्या?" आणि मग मेथी निवडतच राहिली. त्यावर काय बोलणार.

सासूबाईंचं उलटं. त्या कात्रीचं नाव काढू देत नाहीत, मंगळवारी नाही, शनिवारी नाही, अमावास्येला नाही, तिन्हीसांजेला विंचरायचंसुद्धा नाही. मला ते सगळं थोतांड वाटायचं, अजूनही वाटतं. पण एकदा शेंगा निवडताना त्या सहज बोलून गेल्या की त्यांची आजी सोवळी होती, लाल आलवण, आणि दर काही दिवसांनी न्हावी मागच्या पडवीत यायचा, तेव्हा पोरांना तिकडे जायची बंदी. ह्या एकदा लपून गेल्या होत्या. काय दिसलं ते सांगितलं नाही, एवढंच म्हणाल्या की आजी भिंतीकडे तोंड करून बसली होती. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये मुंबईत नाभिकांना एकत्र केलं, विधवांचं केशवपन करायचं नाही म्हणून, हे मी वाचलेलं होतं, आणि माझ्या डोक्यात ते तिथेच संपलं होतं. सासूबाईंनी ते डोळ्यांनी बघितलंय. तेव्हापासून मंगळवारबद्दल मी वाद घालत नाही.

असो. परत रविवारवर.

या पावडरीचा सगळ्यात मोठा तोटा म्हणजे वेळ. भिजवणं, उकळणं, गाळणं सोडून देते, नुसतं न्हायला घालून, पुसून, गुंता काढून, वाळवेपर्यंत सव्वा तास. शाम्पूने वीस मिनिटांत होतं. आणि मला वाटतं मी हा सव्वा तासच विकत आणते, साडेतीनशे रुपयांत. बाथरूममध्ये पाट टाकून ती बसते, मान मागे, डोळ्यांवर घडी केलेला नॅपकिन गच्च धरून (हे मस्टच आहे, शिकेकाई डोळ्यात गेली तर भयंकर चुरचुरते, लगेच साध्या पाण्याने भरपूर धुवायचं, चोळायचं नाही), आणि तिला मी दिसत नसते म्हणून की काय, ती बोलते. एरवी शाळेत काय झालं विचारलं तर "काही नाही". पाटावर बसली की व्हॅनमध्ये कोण रडलं, कोण कुणाशी कट्टी आहे, तिला सातचा पाढा येत नाही म्हणून ती त्या तासाला पाणी प्यायला जाते, सगळं बाहेर येतं. मी मुद्दाम हळू ओतते. दुसरा हात झाला तरी तिसरा करते कधी कधी.

तर परवाच्या रविवारी नॅपकिनच्या आडून म्हणाली, मेमध्ये स्विमिंगला जायचंय. म्हटलं जा की. तर म्हणाली टोपी बसत नाही. मागच्या मेमध्ये चार दिवस गेली होती, रबरी टोपीत एवढे केस मावेनात, अंबाडा घातला की टोपी निसटायची, नाही घातला की शेपूट बाहेर, आणि पोहून आल्यावर ते क्लोरीनचं पाणी बसून केस काथ्यासारखे. चार दिवसांनी मीच बंद केलं होतं. कारण काय सांगितलं होतं ते मला आठवत नव्हतं, तिला आठवत होतं. मी म्हणाले होते की तिला सर्दी होते.

म्हटलं, अगं पण एवढे छान केस आहेत तुझे. तर म्हणाली, "तुला आवडतात तर तू वाढव ना." चिडून नाही, साधं, पेन्सिल दे म्हणावं तसं. आणि मग लगेच सातचा पाढा म्हणून दाखवला, छप्पनपर्यंत बरोबर आला.

मी पाणी ओतत राहिले. शिकेकाईचं बरं असतं, बाथरूममध्ये सगळ्यांचेच डोळे लाल.

तर रेटिंग. जड पाणी असलेल्यांनी, लांब केसवाल्यांनी, ज्यांची टाळू शाम्पूने कोरडी पडते त्यांनी नक्की करून बघा, पाचपैकी साडेतीन. एक गुण वेळेसाठी कापला आणि अर्धा बाथरूमच्या फरशीसाठी, तिच्यावर तपकिरी डाग पडतात आणि जाळीत चोथा अडकतो, तो गाळ कुंडीत टाका, बेसिनमध्ये नको. रोज सकाळी घाई असेल, मुलं फार लहान असतील, किंवा केस रंगवलेले असतील तर यात पडू नका. घरात कुणाला दमा असेल तर दळण्याच्या वेळी त्यांना लांब ठेवा. उरलेला रिठा फुकट जात नाही, कोमट पाण्यात भिजवून त्यात मी चांदीची निरांजनं आणि पैंजण धुते, पैठणीलाही चालतो म्हणतात पण माझी हिंमत झाली नाही. पावडर काचेच्या बरणीत, कोरडा चमचा, पावसाळ्यात जास्त करून ठेवू नका, गोळे होतात. अर्धा किलो शिकेकाईचं मिश्रण आम्हाला चार महिने पुरतं, आठवड्याला एकदा धरून.

आखूड केसांना पुरेल का, किती लागेल, असं कुणी विचारणार असेल तर ते मला अजून माहीत नाही. काल डबा संपत आला म्हणून परत त्या दुकानात गेले होते. काकांनी ओळखलं, न विचारताच अर्धा किलो तोलायला घेतलं. म्हटलं, या वेळी पावच द्या.